एकतीस कलते करंडे

वाणात आलेली स्टीलची डबी टेबलावर ठेवली की डुगडुगते, ही गोष्ट भालचंद्रराव देवपुजाऱ्यांनी मनातल्या मनात ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कारखान्याच्या तपासणी विभागात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला दोष दिसला आणि तो गप्प बसला, असं होत नाही. त्यांनी डबी उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला, खिशातून सहा इंची पट्टी काढली (ही पट्टी ते लग्नकार्यातसुद्धा खिशात ठेवत) आणि जाहीर केलं की बुडाला बाक आहे, झाकणात अर्ध्या मिलिमीटरची फट आहे आणि असला माल आपल्या विभागानं गेटच्या आत येऊ दिला नसता.

समोर नुसत्या प्रमिलाबाई असत्या तर त्यांनी 'हं' म्हणून विषय मिटवला असता. भाकरीचा घेर, पडद्याची शिवण आणि रांगोळीच्या दोन बाजूंमधला फरक यांवरचे अभिप्राय ऐकून ऐकून त्यांचे कान तयार झाले होते. पण त्या दिवशी समोर शेजारच्या रत्नप्रभाबाई मुळावकर चहा पीत बसल्या होत्या, आणि गेल्या संक्रांतीला ती डबी वाण म्हणून त्यांनीच दिली होती.

रत्नप्रभाबाईंनी कप खाली ठेवला. "यंदाचं हळदीकुंकू तुमच्याकडेच आहे, भाऊजी," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "मग तुम्हीच करा ना काहीतरी, बिनफटीचं."

"करीन की," भालचंद्रराव म्हणाले. "कुंकवाचे करंडे करीन. लाकडाचे. स्वतः, लेथवर."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ऑक्टोबर होता. संक्रांत लांब होती. लांबच्या तारखेवर माणूस काहीही कबूल करतो. पण प्रमिलाबाईंनी ते वाक्य दुसऱ्याच दिवशी भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपच्या महाराष्ट्र महिला मंडळात जसंच्या तसं नेऊन ठेवलं. "यंदाचं वाण हे स्वतः करणार आहेत," असं त्या म्हणाल्या आणि म्हणताना थोड्या लाजल्या, असं रत्नप्रभाबाईंनी घरी येऊन सांगितलं. मंडळात तीस बायका होत्या. प्रमिलाबाईंचा स्वतःचा धरून करंडे झाले एकतीस.

त्या लाजल्या हे ऐकून भालचंद्ररावांना कसंतरीच झालं. इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. टर्बाइनचा साठ टनांचा रोटर लेथवर फिरत असताना त्यात केसाच्या दशांशाएवढा फरक असला तरी तो ओळखणारा हा माणूस. पण त्यांनी स्वतःच्या हातांनी आजवर एकही वस्तू केलेली नव्हती. दुसऱ्यांनी करायचं आणि यांनी त्यात खोट काढायची, अशी कामाची वाटणी होती. घरातला खिळासुद्धा मुळावकर येऊन ठोकत, आणि तो तिरका गेला हे भालचंद्रराव सांगत. प्रमिलाबाईंनी लग्नानंतर चोवीस वर्षं याबद्दल तक्रार केली नव्हती. पण तक्रार न करणारी बाई एकदा लाजली की त्याचं ओझं काय होतं, ते तपासणी विभागाच्या कुठल्याही यंत्रावर मोजता येत नाही.

लाकूड मात्र चटकन सापडलं. रोटर वॅगनवर चढवला की तो घरंगळू नये म्हणून खालून लाकडाच्या पाचरी ठोकतात. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळत्या, अशा हातभर पाचरींचा ढीग यार्डात पडलेला असे. त्यातल्या काही अस्सल सागवानी होत्या. त्यांचे आडवे तुकडे केले की तळहातावर मावेल असा, खाली सपाट आणि वर उतरता, छोटा ठोकळा मिळत होता. भालचंद्ररावांना तो उतार फार आवडला. करंड्याचं तोंड बाईच्या हाताकडे आपोआप कललेलं राहील, अशी कल्पना त्यांनी काढली. गोल, सरळ लाकूड घेतलं असतं तर आठ दिवसांत काम झालं असतं, हे त्यांना नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

भंगारातलं लाकूड कामगारांना अर्ज करून मिळत असे, पण जळण म्हणून. अर्जाच्या खाली हमीपत्र होतं: 'सदर लाकूड मी फक्त जाळण्यासाठीच वापरीन.' दुसऱ्या कुणी डोळे मिटून सही केली असती. भालचंद्ररावांनी दोन दिवस विचार केला. खोट्या कागदावर सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी त्यांनी असं ठरवलं की निघेल तेवढा भुसा, ढलप्या आणि बिघडलेला माल न्हाणीघरातल्या बंबात जाळायचा, म्हणजे निदान बहुतांशी हमी पाळली जाईल. त्या वेळी त्यांना कल्पना नव्हती की ही हमी आपण इतक्या मनापासून पाळणार आहोत.

राहिला लेथ. टाउनशिपच्या क्लबात मागच्या बाजूला एक छंद केंद्र होतं आणि त्यात लाकूडकामाचा एक छोटा लेथ ताडपत्रीखाली झोपलेला होता. खोलीची किल्ली कल्याण विभागाच्या सक्सेना साहेबांकडे. सक्सेना साहेब फार सभ्य गृहस्थ. त्यांनी पान पुढे केलं, अर्ज वाचला, मग रजिस्टर काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. लेथ आला त्या वर्षी रजिस्टरात दोनच रकाने होते, संगीत आणि खेळ. लेथमधून सूर निघत नाही हे पाहून तेव्हाच्या कारकुनानं तो खेळात लिहून टाकला होता.

"देवपुजारी जी, मैं मजबूर हूँ," सक्सेना साहेब म्हणाले. "ये खेलकूद की सामग्री है. खिलाड़ी को ही इशू हो सकती है. आप कुछ खेलते हैं?"

भालचंद्रराव काहीच खेळत नव्हते. लहानपणी अमरावतीला विटीदांडूत विटी कपाळाला लागल्यापासून त्यांनी सगळ्या खेळांशी संबंध तोडला होता. पण अर्जावर खेळाचं नाव लिहिल्याशिवाय किल्ली मिळेना. अशा रीतीनं वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते क्लबच्या कॅरम संघाचे सभासद झाले. आठवड्यातून दोनदा सरावाला हजेरी लावली तरच लेथ तीन दिवस वापरता येईल, अशी अट होती. पुढे प्रयोजनाच्या रकान्यात त्यांनी 'कुंकवाचे करंडे' असं लिहिलं. ते काय असतं हे समजावून सांगितल्यावर सक्सेना साहेबांचे डोळे चमकले. "अच्छा, सिंदूरदानी!" ते म्हणाले, आणि घरी जाऊन त्यांनी ते बायकोलाही सांगितलं.

पहिल्या दिवशी भालचंद्ररावांनी ड्रॉइंग काढून भिंतीला चिकटवलं. तीन बाजूंनी दृश्य, सगळी मापं, खाली 'मान्य' असं लिहून स्वतःची सही. मग ठोकळा लेथच्या चकमध्ये धरला. चकला जबडे तीन, ठोकळा उतरता. तो दोनच ठिकाणी धरला गेला होता आणि तिसरा जबडा नुसता हवेत शोभेला होता, हे दुसऱ्या कुणाच्या लेथवर त्यांना दहा पावलांवरून दिसलं असतं. स्वतःच्या लेथवर दिसलं नाही. त्यांनी बटण दाबलं. ठोकळा एकदा गुणगुणला, चकमधून सुटला, उघड्या दारातून शेजारच्या खोलीत गेला आणि कॅरम बोर्डावर आपटला. आपटला तो असा की राणी थेट खिशात गेली. खेळणाऱ्या चौघांत पुढचा अर्धा तास वाद झाला की राणी धरायची की नाही. भालचंद्रराव संघाचेच सभासद असल्यामुळे ती धरावी असं तीन विरुद्ध एक मतांनी ठरलं.

ही बातमी टाउनशिपभर पसरली आणि सल्ले येऊ लागले. भोपाळात एक बरं आहे, सल्ला देणाऱ्याला विषय माहीत असण्याची अट नाही. हिशेब खात्यातले सुभाष मुळावकर, म्हणजे रत्नप्रभाबाईंचे यजमान, रोज संध्याकाळी पेरू खात येत आणि कागदाच्या लगद्याचे करंडे करा म्हणून सांगत. तुळशीनगरहून प्रमिलाबाईंचे मामा आले. ते सचिवालयातून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांनी आधी एक समिती नेमायला सांगितलं. अवधपुरीतल्या कुणाच्या तरी भाडेकरूनं ठोकळा खिळ्यांनी पाटावर ठोकून फिरवायची युक्ती दिली. ती करून पाहिली आणि पाट गेला. ठोकळा मात्र शाबूत राहिला, म्हणून त्याला भालचंद्ररावांनी थोडा मान दिला आणि मग बंबात घातलं.

नोव्हेंबर संपेपर्यंत पकड कशीबशी जमली, तर पोकळी जमेना. उतरत्या तोंडातून आत कोरायचं, तर खोली किती? त्यांनी ती जाड बाजूला मोजली. जाड बाजूला हिशेब बरोबर आला आणि त्याच वेळी पातळ बाजूला बुडाला खिडकी पडली. पुढच्या सहा ठोकळ्यांना सहा खिडक्या पडल्या. मुळावकरांनी एक उचलून डोळ्याला लावला आणि त्यातून प्रमिलाबाई दिसतात असं सांगितलं.

त्या दिवसांत देवपुजाऱ्यांच्या घरी गरम पाण्याची चंगळ झाली. सकाळी सहा वाजता बंब पेटे तो अकरापर्यंत विझत नसे. गल्लीतल्या लोकांना हे कळल्यावर ते बादल्या घेऊन येऊ लागले. पाणी चांगलं कढत असलं की लोक समजत, काल साहेबांचा दिवस वाईट गेलेला दिसतो. एकदा सलग तीन दिवस पाणी कढत मिळालं, तेव्हा मुळावकरांनी हात धरून त्यांचं सांत्वन केलं आणि मग आंघोळीला गेले.

 प्रमिलाबाई रोज संध्याकाळी नवऱ्याच्या केसांतला भुसा झटकत आणि 'किती झाले' असं न विचारता जेवायला वाढत. हे न विचारणं भालचंद्ररावांना फार लागे. विचारलं असतं तर निदान चिडता आलं असतं.

डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी कमीपणा गिळला आणि ठोकळा खिशात घालून इंद्रपुरीत हलीमभाईंकडे गेले. हलीमभाई मूळचे बुधनीचे, खरादींच्या, म्हणजे लाकूड कातणाऱ्यांच्या घराण्यातले. इंद्रपुरीच्या बाजारात एका टपरीत ते लाटणी, भोवरे आणि पलंगाचे पाये खराद करत. भालचंद्ररावांनी ड्रॉइंग उलगडून पंधरा मिनिटं अडचण सांगितली. हलीमभाईंनी ड्रॉइंगकडे पाहिलं नाही. त्यांनी ठोकळा हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "ऐसा दूसरा है आपके पास?"

दुसरा होता. हलीमभाईंनी तो उलटा करून पहिल्याच्या बुडाला लावला. जाड बाजूला पातळ, पातळ बाजूला जाड. दोन तिरके ठोकळे मिळून सगळीकडे सारख्या जाडीचा एक ठोकळा झाला.

"दोनों टेढ़े हैं, साब," ते म्हणाले. "आप अकेले-अकेले को सीधा कर रिये थे. बीच में अखबार का काग़ज़ रख के सरेस लगाओ. काम हो जाए तो पटाशी से हल्का सा ठोको, अलग हो जाएँगे. और गहराई पतली तरफ़ से नापो."

भालचंद्रराव टपरीबाहेर आले. नागपूरची इंजिनीअरिंगची पदवी, चोवीस वर्षांची नोकरी, आणि दोन ठोकळे एकमेकांना लावून पाहावेत हे सुचायला दीड महिना पुरला नव्हता. त्यांना आधी स्वतःचा राग आला, मग हसू आलं. मग ते परत आत गेले आणि हलीमभाईंकडून एक लाटणं विकत घेतलं. ते लाटणं मधोमध किंचित जाड होतं, पण हे त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक दोष पाहून न पाहिल्यासारखा केला.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. मागे उलटी पाचर, मध्ये सरसानं चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद, आणि तीनऐवजी चार जबड्यांचा चक. लेथ फिरू लागला की सागाचा तो गोडसर वास सुटे आणि पटाशीच्या टोकावरून ढलप्या शेवयांसारख्या पडत. पहिला करंडा अखंड बाहेर आला त्या दिवशी त्यांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला आणि वाटेत चार वेळा उघडून पाहिला. बाहेरून पाचरीचा उतार तसाच, आत गुळगुळीत गोल वाटी, वर बोराएवढी मूठ असलेलं झाकण. तो थोडा कललेला बसे, शेजारच्या घरातलं बोलणं मान वळवून ऐकावं तसा. प्रमिलाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. "छान झालाय हो," त्या म्हणाल्या. भालचंद्ररावांना त्या रात्री दोन पोळ्या जास्त गेल्या.

इथे ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण झाकण थोडं हलत होतं. बोटानं ढकललं तर कळेल न कळेल इतकं. लाकडाच्या करंड्याचं झाकण थोडं हलायचंच. हलीमभाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नसतं. भालचंद्ररावांनी मात्र ते झाकण बंबात घातलं. रोटरच्या दांड्याला आणि बेअरिंगला जी मापाची शिस्त लागते ती त्यांनी झाकणाला लावली. कारखान्यातून मायक्रोमीटर आणला, अर्थात परतीच्या गेटपासावर, आणि एकतीसही झाकणं शतांश मिलिमीटरवर नेली. झाकण वर ठेवून हात काढला की ते स्वतःच्या वजनानं, आतली हवा हळूहळू सोडत, सावकाश खाली उतरे. हे पाहायला त्यांनी मुळावकरांना बोलावलं, सक्सेना साहेबांना बोलावलं, कॅरमच्या संघाला बोलावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. लाकूड हे लोखंडासारखं जागच्या जागी राहत नाही, ही साधी गोष्ट तपासणी विभागाला माहीत नव्हती. तिथे लाकूड येतच नव्हतं.

संक्रांत झाली. देवपुजाऱ्यांचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आदल्या शनिवारी ठरलं होतं. गुरुवारी खिचडीसाठी तांदूळ काढायला म्हणून भालचंद्ररावांनी कोठीत हात घातला आणि हाताला कागदाचं पुडकं लागलं. त्यात स्टीलच्या वाट्या होत्या. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजल्या. तीस.

पावती पिपलानी बाजारातल्या दुकानाची होती आणि तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे खिडक्या पडत होत्या त्या दिवसांतली. त्यांनी पुडकं होतं तसं बांधून ठेवलं. एक वाटी टेबलावर ठेवून पाहायचा मोहही त्यांना झाला नाही. हिनं मंडळात जाऊन अभिमानानं सांगितलं आणि मग एकटी बाजारात जाऊन ह्या विकत घेतल्या. वाटेत तिला काय वाटलं असेल, ह्याचा ते विचार करत राहिले. राग येत नव्हता, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. आता शनिवारी ती ताटात काय घेऊन बाहेर येते, एवढंच बघायचं राहिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळपासून भोपाळवर मावठ आलं. रात्रभर बारीक पाऊस, सकाळी धुकं, कपड्यांना ओल, पापडांना ओल. प्रमिलाबाईंनी सकाळीच करंड्यांत कुंकू भरून झाकणं लावून ठेवली होती, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय हे दोघांनाही कळलं नाही.

हळदीकुंकवाला पुरुषानं घरात असू नये हा नियम. भालचंद्ररावांनी मसाला दूध आटवायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जागा मिळवली आणि पडद्याच्या फटीशी स्टूल ओढलं. बाहेर तीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मध्ये मंडळाच्या अध्यक्ष कमलिनीबाई, केस पांढरेशुभ्र, नेसलेली नागपुरी साडी फिकट मोतिया. एवढ्यात सक्सेनाबाईही आल्या. त्यांना बोलावणं नव्हतं, पण सिंदूरदानीचं कुतूहल त्यांना घरी बसू देईना. प्रमिलाबाईंनी त्यांना हात धरून आत घेतलं.

हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर, तिळगूळ झाला. मग प्रमिलाबाई वाण आणायला आतल्या खोलीत गेल्या. पडद्यामागे दूध उतू जाऊन गॅसवर पडलं, तरी भालचंद्ररावांना कळलं नाही. त्या ताट घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यात एकतीस करंडे होते. कोठीकडे त्या फिरकल्यासुद्धा नव्हत्या.

"हे ह्यांनी केलेत," त्या म्हणाल्या. 

बायकांनी करंडे हातांत घेतले, वास घेतला, गालाला लावले. मग पहिल्यांदा मंडळातल्या वैजयंतीनं झाकण उघडायला मूठ धरली. झाकण हलेना. शेजारणीनं प्रयत्न केला, तिचंही हलेना. ओलीनं लाकूड फुगलं होतं आणि शतांशाच्या मापाला फुगायला जागाच ठेवलेली नव्हती. खोलीत कुजबुज सुरू झाली. रत्नप्रभाबाईंनी पदराचं टोक मुठीभोवती गुंडाळून ओढलं. पदर हातात आला. भालचंद्ररावांनी स्टुलाची कड घट्ट धरली. प्रमिलाबाई रिकामं ताट छातीशी धरून मधोमध उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

"आण इकडे," कमलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी करंडा दोन गुडघ्यांत पकडला, दोन्ही हातांनी मूठ धरली, आणि विहिरीतून घागर ओढावी तसं ओढलं. पॉक असा मोठा आवाज झाला. झाकण वर, कुंकवाचा ढग त्याच्याही वर. तो छतापर्यंत गेला आणि मग सावकाश खाली उतरला. कमलिनीबाईंचे पांढरे केस, मोतिया साडी, चष्मा, सगळं लालेलाल झालं.

 कमलिनीबाईंनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं उरली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, शिंकल्या, आणि हसायला लागल्या. वयाच्या पासष्टाव्या वर्षी पोट धरून, पाय पसरून हसायला लागल्या.

मग कुणाला आवरता आवरलं नाही. बायका दोन दोन जणी समोरासमोर बसल्या, एकीनं करंडा धरायचा, दुसरीनं झाकण. पॉक. पॉक. प्रत्येक आवाजाबरोबर लाल धूर आणि ओरडा. मागच्या रांगेतल्या सिंधूचं झाकण सुटलं आणि ती मागे सक्सेनाबाईंच्या मांडीवर पडली, सक्सेनाबाई म्हणाल्या, "अरे, इसमें तो बड़ा मज़ा है." बाहेर व्हरांड्यात मुळावकर फटाके कोण उडवतंय म्हणून विचारत होते. भिंती, पंखा, चटया, सगळं कुंकवानं माखलं. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध प्रमिलाबाई ताट टाकून भिंतीला टेकून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गालावरच्या कुंकवात ओघळत होतं. हे हसणं शेवटचं कधी ऐकलं ते भालचंद्ररावांना आठवेना. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण आत कुणी पाहणारं नव्हतं.

"देवपुजारी, बाहेर या," कमलिनीबाईंनी हाक मारली. ते आरोपीसारखे पडद्याबाहेर आले. हातात दुधाचा डाव तसाच होता. त्यांनी ओल, लाकडाचं फुगणं आणि आपली चूक असं सांगायला सुरुवात केली, पण कमलिनीबाईंनी हात वर करून थांबवलं.

"तीस वर्षं वाणं घेतेय मी," त्या म्हणाल्या. "घरी नेल्यावर कुठे ठेवलं, कुणी दिलं, एकाचंही आठवत नाही. हे आता मरेपर्यंत आठवेल." आणि केसांतलं चिमूटभर कुंकू काढून त्यांनी भालचंद्ररावांच्या कपाळाला लावलं.

सगळ्या गेल्या तेव्हा दिवे लागत होते. भालचंद्रराव स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं पंखा पुसत होते आणि कुठे काय चुकलं त्याची यादी मोठ्यानं म्हणत होते. प्रमिलाबाई बादलीत फडकी पिळत होत्या. यादीत सातवा मुद्दा आला तेव्हा भालचंद्ररावांच्या लक्षात आलं की टेबलावर करंडा एकही नाही.

"तुझा कुठाय?"

"सक्सेनाबाईंना दिला. त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

ते स्टुलावरून खाली उतरले. "तो सगळ्यांत चांगला जमला होता, प्रमिला. त्याला तर मी पंधरा दिवस दिले होते."

"म्हणून तर दिला," त्या म्हणाल्या. "मला दुसरा करा. घाई नाही. पण त्याचं झाकण असं बसवू नका. बाकीच्या वर्षातून एकदा उघडतील. मला रोज सकाळी उघडायचाय."

भालचंद्रराव लगेच टेबलाशी बसले. ड्रॉइंगची वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, करंड्याचा उतार काढला, वाटी काढली, झाकण काढलं, आणि मापाच्या जागी येऊन थांबले.

"सैल म्हणजे किती सैल?"

प्रमिलाबाईंनी फडकं बादलीत टाकलं. गुलाबी झालेले ओले हात पदराला पुसले. मग त्यांनी नवऱ्याचा हात स्वतःच्या हातात घेतला, क्षणभर धरला आणि हलकेच सोडून दिला.

"एवढं," त्या म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी पेन्सिल मापाच्या जागी टेकवली. काहीच लिहिलं नाही. मग पेन्सिल खाली ठेवून त्यांनी हात पुन्हा पुढे केला.

"परत एकदा दाखव," ते म्हणाले.